वही वॉशिंग्टनला, पंप आमच्या पाठीवर



तुमसर म्हणजे धानाचा मुलूख. आपण पऱ्हाटी-ज्वारीवाले कोरडवाहू कास्तकार इथे बैठकीला येतो तेव्हा इथल्या मातीतली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. इंग्रजी अमलात हे मँगनीज काढणारी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी विलायतेत नोंदलेली होती. जमीन इथली, घाम इथला, पण नफ्यातोट्याची वही उघडायची ती विलायतेतल्या भागधारकांपुढे. 1962 साली सरकारांनी मिळून 51 टक्के हिस्सा घेतला, 1977 साली उरलेलाही घेतला. त्याच कंपनीची पुढे मॉइल झाली. डिसेंबर 2010 पासून तिचे शेअर बाजारात आहेत, म्हणून दर तिमाहीला तिला हिशेब छापावा लागतो. यातून एक नियम निघतो. कंपनी आपली वही आपखुशीने कोणालाच दाखवत नाही. कायदा ज्याच्यापुढे उघडायला लावतो त्याच्यापुढेच ती उघडते.

आता हा नियम आपल्या फवारणीच्या डब्याला लावून पाहू.

अमेरिकेच्या डाऊ केमिकल या कंपनीची डी-नोसिल नावाची उपकंपनी मुंबईत होती. कीडनाशके विकणे हा तिचा धंदा. कोणतेही कीडनाशक विकण्याआधी 1968 च्या कायद्याप्रमाणे त्याची केंद्राकडे नोंदणी लागते. फेब्रुवारी 2007 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार आयोगाने जाहीर केले, की 1996 ते 2001 या काळात या उपकंपनीने हिंदुस्थानात सुमारे 2 लाख डॉलर गैरमार्गाने वाटले. त्यातले 39,700 डॉलर केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या एका अधिकाऱ्याला गेले. कशासाठी? तीन औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून. नुरेल आणि डर्सबान ही त्यातलीच नावे. राज्याराज्यांतल्या निरीक्षकांना शंभर डॉलरच्या आतले छोटे छोटे हप्ते गेले ते वेगळेच. नाही दिले तर नमुना खोटा ठरवून माल अडवण्याची धास्ती होती.

हे पकडले कोणी? दिल्लीने नाही, मुंबईनेही नाही. कंपनीने स्वतः चौकशी केली आणि ती हकीकत वॉशिंग्टनला नेऊन दिली. कंपनीला एकाएकी सद्‌बुद्धी सुचली असे समजू नका. अमेरिकेचा 1977 चा कायदा म्हणतो, की परदेशी अधिकाऱ्याला लाच देणे गुन्हा आहे, आणि जगात कुठेही उपकंपनी असो, तिची वहीसुद्धा खरी पाहिजे. पुढे दाभोळच्या एन्रॉनने खोट्या हिशेबांपायी 2001 च्या डिसेंबरात दिवाळे काढले आणि 2002 साली तिथे कायदा आणखी कडक झाला. हिशेब खरा आहे अशी सही खुद्द कंपनीच्या प्रमुखाला करावी लागू लागली. तिथल्या बाजारात भांडवल उभारणाऱ्या परक्या कंपनीचीही त्यातून सुटका नाही. आपल्या हैदराबादच्या सत्यमला 2011 साली तिथे 1 कोटी डॉलर दंड भरावा लागला.

डाऊने आरोप ना कबूल केले ना नाकारले, 3 लाख 25 हजार डॉलर दंड भरला आणि प्रकरण मिटवले. हा दंड गेला अमेरिकेच्या तिजोरीत. लाचेचा पैसा आला कुठून? डब्याच्या किमतीतून. डबा कृषी केंद्रातून उधारीवर उचलला कोणी? आपण. म्हणजे पैसा आपला, गुन्हा आपल्या देशात, आणि भरपाई परक्या सरकारला!

बियाण्याचेही तेच. बीटी कापसाच्या पर्यावरण तपासणीची अट निघावी म्हणून मोन्सँटोतर्फे 2002 साली इंडोनेशियातल्या एका बड्या अधिकाऱ्याला 50 हजार डॉलर दिले गेले, आणि वहीत लिहिले गेले सल्लागाराची फी! अट काही निघाली नाही. 2005 साली कंपनीला 15 लाख डॉलर मोजावे लागले, तेही अमेरिकेतच.

कोणी उठून म्हणेल, मग हाकला या परदेशी कंपन्यांना. आम्ही तसे म्हणत नाही. नवे बियाणे, नवे औषध कास्तकाराला हवे आहे, आणि ते स्पर्धेने स्वस्त झालेले हवे आहे. लाच देणारा परका होता, पण घेणारा आपल्याच सरकारच्या खुर्चीत बसला होता. जिथे फाईल अडवून ठेवता येते तिथे हप्ता जन्माला येतो. दाराआड बसलेला साहेब आणि बंद वहीची कंपनी यांची सोयरीक जुनीच आहे.

मात्र पैसे देऊन नोंदणी लवकर होते म्हटल्यावर एक प्रश्न मनातून जात नाही: तपासणी पुरी झाली होती का? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याचा दोष या कंपनीवर आम्ही टाकत नाही. पण पाठीवर पंप घेणाऱ्याचा जीव त्या कागदाच्या भरवशावर असतो, एवढे तरी मान्य करा.

आपल्याकडेही कायदा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे इथे बस्तान मांडणाऱ्या परदेशी कंपनीला आणि तिच्या इथल्या उपकंपनीला दरसाल ताळेबंद दाखल करावा लागतो, आणि ठराविक फी भरून तो कोणालाही पाहता येतो. पण लाच कधी लाच म्हणून ताळेबंदात येत नाही. ती 'इतर खर्चा'त लपते. परक्याच्या कायद्यावरही विसंबता येत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका सहीने त्या 1977 च्या कायद्याची नवी प्रकरणे थांबवली. जूनमध्ये नवे नियम करून ती पुन्हा सुरू केली खरी, पण दुसऱ्याच्या विहिरीवर आपले पीक किती दिवस जगवायचे?

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव मांडावेत:

एक, प्रत्येक कीडनाशकाच्या नोंदणीचा अर्ज कधी आला, कोणत्या चाचण्या झाल्या, मंजुरी कधी मिळाली, हे मराठीतून जाहीर व्हावे.

दोन, बियाणे-औषध कंपनीला परदेशात हिशेबापायी दंड झाला, तर तीन महिन्यांत इथल्या कृषी खात्याला कळवणे सक्तीचे करावे आणि इथली लाच इथेच तपासावी.

तीन, अशा प्रकरणात इथे वसूल होणारा दंड त्या मालाच्या गिऱ्हाइकांसाठी, म्हणजे विषबाधितांच्या औषधपाण्यासाठी आणि मालाच्या तपासणीसाठी वापरावा.

चार, हाच न्याय सरकारलाही लागू करावा. एकाधिकार कापूस खरेदीत आपण वर्षानुवर्षे चुकाऱ्याची वाट पाहिली. हिशेब मागितला की उत्तर नव्हते. जो आमचा माल घेतो आणि जो आम्हाला माल विकतो, त्या दोघांचीही वही उघडी पाहिजे.

शेअर घेणाऱ्याने शंभर रुपये लावले तर त्याला वही पाहण्याचा हक्क मिळतो. कास्तकार दर हंगामात अख्खे पीक आणि स्वतःचा जीव पणाला लावतो. त्याचा हक्क भागधारकापेक्षा कमी कसा? हा प्रश्न तुमसरच्या बैठकीत विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.