पहिल्या बेसवरचा पहिला कोण?

अमेरिकेत बेसबॉलचे वेड असलेल्या घरांतून एक वाद हमखास रंगतो: ‘फर्स्ट बेस’वर उभा राहिलेला आजवरचा सर्वांत थोर खेळाडू कोण? आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर यावर चहा गार होतो, तसलाच हा प्रकार. माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिला लू गेरिग. खरे भांडण आहे ते त्याच्या खालच्या जागांसाठी.

बेसबॉलचे मुख्य आवार म्हणजे 90 फूट बाजूचा चौकोन. फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसकडे धावत सुटतो. तो पोचण्याआधी सहकाऱ्याने फेकलेला चेंडू बेसला पाय टेकवून झेलला की फलंदाज बाद. हे झेलण्याचे काम फर्स्ट बेसमनचे. त्याला धावाधाव आणि फेकाफेक त्या मानाने कमी, म्हणून संघ तिथे आपला धिप्पाड फटकेबाज उभा करतात. साहजिकच या याद्या बॅटने मोजल्या जातात, आणि कीथ हर्नांडेझसारखा, क्षेत्ररक्षणासाठी सलग 11 वर्षे ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळवणारा कलावंत तळाशी ढकलला जातो. मला हे खटकते. पण माझ्याही यादीत तो वर नाही!

गेरिगचे काय सांगावे? जर्मन स्थलांतरितांच्या गरीब घरातला हा न्यूयॉर्कचा मुलगा. जून 1925 पासून एप्रिल 1939 पर्यंत यांकीज संघातर्फे सलग 2,130 सामने खेळला. सरासरी .340, होम रन 493. बेब रूथच्या झगमगाटात उभे राहून, कुरकुर न करता. शरीर साथ देईना तेव्हा व्यवस्थापकाकडे जाऊन, मला बसवा, असे त्यानेच सांगितले. वयाच्या 37व्या वर्षी ज्या मज्जाविकाराने तो गेला, तो अमेरिकेत आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. सलग सामन्यांचा विक्रम 1995 साली कॅल रिपकेनने मोडला. पण माझा कौल सहानुभूतीचा नव्हे. आकडेच पुरेसे आहेत.

दुसरा अल्बर्ट पुहोल्स. 1999च्या निवडीत तेराव्या फेरीपर्यंत ज्याला कोणी विचारले नाही, तो डॉमिनिकन मुलगा 2022 साली 703 होम रन मारून निवृत्त झाला. उतारवयात त्याची सरासरी .328 वरून .296 वर घसरली. असो, पहिली अकरा वर्षे कोण विसरेल?

यानंतर बहुतेक जण जिमी फॉक्सचे नाव घेतील. 534 होम रन, तीनदा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. मी मात्र त्याच्या वर बक लेनर्डला बसवतो.

लेनर्ड 1907 साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मला. 1934 ते 1950 तो होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघात खेळला, कारण गोऱ्यांच्या संघांची दारे त्याला बंद होती. ‘काळा गेरिग’ म्हणत त्याला. 1947 साली जॅकी रॉबिन्सनने ती भिंत पाडली (आणि गंमत पाहा, त्या पहिल्या दिवशी तो फर्स्ट बेसवरच खेळला) तेव्हा लेनर्ड 39 वर्षांचा होता. त्याच्या लीगचे मोसम आखूड, नोंदी जुन्या वृत्तपत्रांत विखुरलेल्या. त्या अधिकृत आकडेवारीत आल्या 2024 मध्ये. त्यामुळे एकूण होम रनच्या रकान्यात तो फॉक्सच्या आसपासही दिसत नाही.

आता हँक ग्रीनबर्ग घ्या. होम रन 331 च; पण लगेच कोणीतरी म्हणते, महायुद्धात त्याची चार-साडेचार वर्षे गेली, ती जमेस धरा. अगदी योग्य. मग ज्याची गोऱ्यांच्या मैदानावरची सगळीच वर्षे गेली, त्याच्याशी हिशेब करताना आपण एवढे कंजूष का होतो? त्याला कोणी युद्धावर पाठवले नव्हते. त्याला फक्त आत घेतले नाही.

ग्रीनबर्गला हे उमजले असावे. ज्यू म्हणून त्याने मैदानावर शिव्या खाल्ल्या होत्या. मे 1947 मध्ये पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवर पहिल्या बेसपाशी त्याची आणि रॉबिन्सनची टक्कर झाली. नंतर ग्रीनबर्गने रॉबिन्सनची विचारपूस केली, धीर दिला. त्याच मैदानावर, पिट्सबर्गचा गोरा संघ बाहेरगावी गेला की, होमस्टेड ग्रेज खेळत. आणि पहिल्या बेसवर बक लेनर्ड उभा असे.