अपघाताचा शोध घेणारे कोठून येणार?

रेल्वेचा मोठा अपघात झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात एक वाक्य ठरलेले असते : रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतील. हे आयुक्त कोण, ते कोणत्या खात्याचे आणि त्यांची पात्रता काय, याची विचारपूस मात्र फारसे कोणी करीत नाही. भरपाई जाहीर होते, एखादा कनिष्ठ कर्मचारी निलंबित होतो आणि समाजाचे लक्ष अन्यत्र वळते. वस्तुतः पुढचा अपघात टळणार की नाही, हे या चौकशीच्या गुणवत्तेवरच पुष्कळ अंशी अवलंबून असते.

१९३७ साली बिहारमधील बिहटा येथे झालेल्या अपघातात शंभराहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. त्यानंतर नेमलेल्या समितीपुढे एंजिनांच्या दोषांबरोबरच आणखी एक प्रश्न आला. जो गाड्या चालवितो, त्यानेच स्वतःच्या चुकीचा निवाडा करावा काय? १९४१ साली रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या अधिकारातून काढून टपाल व हवाई खात्याकडे सोपविण्यात आले, ते याच विचाराने. आजही हा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असून त्याची मुख्य कचेरी लखनौला आहे. प्रवाशांचा मृत्यू वा गंभीर दुखापत झालेल्या अपघातांची चौकशी तो १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये करतो. किरकोळ अपघात रेल्वेच्या खातेनिहाय समित्यांकडे जातात.

या पदावर पोहोचण्याची वाट लांबची आहे. महाविद्यालयातून थेट आयुक्त होता येत नाही. स्थापत्य, यंत्र, विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी एका शाखेची अभियांत्रिकी पदवी, केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि त्यानंतर रूळ, पूल, सिग्नल वा इंजिने यांच्या सहवासात काढलेली बरीच वर्षे, ही सर्वसाधारण पायरी. वाहतूक शाखेतील अधिकारीही या कामी येतात. पुण्याची स्थापत्य प्रशिक्षण संस्था, नाशिकची विद्युत अभियांत्रिकी संस्था आणि सिकंदराबादची सिग्नल संस्था या रेल्वेच्याच पाठशाळांत त्यांचे शिक्षण होते.

पण केवळ अभियंता असणे पुरेसे नाही, हे २०२३ सालच्या बालासोर दुर्घटनेने दाखवून दिले. मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीच्या मार्गिकेत शिरली आणि २९० हून अधिक माणसे मेली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी झालेला फेरफार आणि फाटकाच्या अडसराच्या बदलाचे काम, यांतील त्रुटींकडे चौकशीने बोट दाखविले. म्हणजे शोध घ्यायचा तो त्या दिवशीच्या हाताचाच नव्हे. नोंदी अपुऱ्या का राहिल्या, तपासणी कोणी केली नाही, कामाची घाई कोणी लावली, याचाही. त्यासाठी पुराव्याचा कायदा, साक्ष काढण्याची कला, थकव्याचे व मानवी चुकीचे मानसशास्त्र हवे. ब्रिटनने १९९९ च्या लॅडब्रोक ग्रोव्ह अपघातानंतर, २००५ साली स्वतंत्र रेल्वे अपघात अन्वेषण शाखा उभारली. तिचे निरीक्षक अन्वेषणाचे विद्यापीठीय शिक्षण घेतात. तेथे अन्वेषण ही स्वतंत्र विद्या मानली जाते. आपल्याकडे ती अजून अनुभवाची उपज आहे.

रेल्वेच्या माणसाशिवाय रेल्वे कोणाला कळणार, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु सारी उमेदवारी ज्या घरात झाली, त्या घराचे दोष सांगताना माणसाची जीभ अडखळते, हाही मनुष्यस्वभाव आहे. त्यातून आयोगाचे काम शिफारशी करण्याचे. त्या अमलात आणणे रेल्वेच्या हाती. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली होती, ती याच उणिवेवर बोट ठेवून.

यात अर्थशास्त्राचाही एक धडा आहे. आज भरती होणारा तरुण अन्वेषक होण्यास दोन दशके लागतील. २०१९ साली रेल्वेच्या सेवांचे विलीनीकरण ठरले. पुढे भरती नागरी सेवा परीक्षेतून करण्याचा प्रयोग झाला, आणि २०२४ साली तांत्रिक जागांसाठी अभियांत्रिकी सेवा परीक्षेचे दार पुन्हा उघडावे लागले. असल्या धरसोडीची किंमत आज दिसत नाही. ती पुढच्या पिढीतील चौकशी करणाऱ्यांच्या तुटवड्यात चुकवावी लागेल, आणि चुकविणारे असतील प्रवासी.

तेव्हा विद्यापीठांनी अपघात अन्वेषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढावा, आयोगाने मानसशास्त्रज्ञ व विधिज्ञ यांना आपल्या सेवेत स्थान द्यावे, आणि चौकशीचे अहवाल तत्परतेने लोकांपुढे ठेवावेत. विद्यार्थ्यांना नोकरीचे हे एक नवे क्षेत्र मिळेल, हा लाभ दुय्यम. मेलेल्या माणसांचे कारण शोधणे हे त्यांच्यामागे राहिलेल्यांचे देणे आहे. ते फेडावयास योग्य माणसे हवीत, आणि ती आजपासून घडवावी लागतील.