देवा, तूच सांग ना तिला!

फेब्रुवारी उजाडला की आमच्या विंगमध्ये एक डायलॉग ठरलेला. "काय रे, तुमचा सण आला!" मी ख्रिस्ती, म्हणून व्हॅलेंटाइन डे माझा! आता या लोकांना कोण सांगणार, की कॅथलिक चर्चने १९६९ सालीच संत व्हॅलेंटाइनचा दिवस आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढून टाकला. आणि आमचं तर नगरकडचं प्रॉटेस्टंट घर. तिथे हा संत पाहुणा म्हणूनही कधी आला नाही.

खरं सांगू? मनातलं बोलण्याच्या बाबतीत आमची गत तुमच्याहून वाईट आहे. तुम्ही घाबरता तेव्हा सरळ घाबरता. आम्ही घाबरतो आणि त्याला "प्रार्थना चालू आहे" असं म्हणतो.

मी हे दोन वर्षं केलं. ती आमच्याच मंडळीतली. ओळख नाताळच्या गाण्यांच्या सरावात झाली. दर सुट्टीत घरी जाताना एसटीत ठरवायचो, यावेळी बोलायचंच. सुट्टी संपली की तसाच होस्टेलवर परत. रात्री प्रार्थना मात्र न चुकता, "प्रभू, तुझी इच्छा असेल तर तूच तिच्या मनात घाल." म्हणजे बोलायचं काम देवाचं, होकार द्यायचं तिचं, आणि मी फक्त हजेरी लावणार! प्रॅक्टिकल पार्टनरने करायचं आणि जर्नल आपण सबमिट करायचं, त्यातलाच प्रकार.

मग खुणा मागायला लागलो. रविवारी ती पुढच्या बाकावर बसली तर 'हो' समजायचं. बसली, तर म्हणायचं, योगायोग असेल, पुढच्या रविवारी पुन्हा बघू. बायबलमधल्या गिदोनाने हेच केलं. खळ्यावर लोकर ठेवली आणि म्हणाला, लोकर तेवढी ओली आणि जमीन कोरडी राहिली तर मानीन. तसं झालं, तर दुसऱ्या रात्री बरोबर उलटं मागितलं. पण काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं. लोकर ठेवली ती भीतीपोटी. मलाही काय करायचं ते माहीत होतंच. तोंड उघडायचं!

रूथची सासूवरची निष्ठा आमच्याकडे सगळे सांगतात, खळ्यावरची रात्र मात्र घाईने उरकतात. रूथ परदेशी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरणारी. सासूने सांगितलं होतं, बवाजाच्या पायाशी जाऊन नीज, पुढे काय करायचं ते तोच सांगेल. पण बवाजाने दचकून "कोण?" म्हणून विचारलं, तेव्हा रूथ त्याच्या सांगण्याची वाट बघत बसली नाही. लग्नाचं तिनेच विचारलं. आणि बवाजाने तिच्या एकटेपणाचा फायदा घेतला नाही. आपल्याहून जवळचा एक नातेवाईक आहे, आधी हक्क त्याचा, हे खरं खरं सांगितलं. कुणी ओळखण्याआधी, सहा मापं सातू देऊन तिला घरी पाठवलं, आणि वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर प्रश्न मिटवला. तिचं धाडस आणि त्याची सभ्यता, दोन्ही होती म्हणून ती गोष्ट झाली. हीच रूथ दावीद राजाची पणजी.

शेवटी मी पत्र लिहिलं आणि ताईला दाखवलं. तिने एकच वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं, "आपण एकत्र यावं ही देवाची इच्छा आहे, असं मला प्रार्थनेत जाणवलं." ताई म्हणाली, "मग तिने नाही म्हटलं तर ती तुला नाही म्हणणार की देवाला? नाही म्हणायला जागा तरी ठेव बिचारीला!"

बारा वर्षांच्या संडे स्कूलमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं. देवाचं नाव घेऊन टाकलेला दबाव हाही दबावच.

पत्र फाडलं. चर्चच्या आवारात, लोकांना दिसू पण ऐकू जाणार नाही अशा जागी तिला सांगितलं, "मला तू आवडतेस. तुझ्या मनात नसेल तर तसं सांग, मी पुन्हा विचारणार नाही." पाय लटपटत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि "नाही" म्हणाली.

आकाश कोसळलं नाही. मेसचं जेवण महिनाभर आणखी बेचव लागलं, एवढंच. पुढच्या नाताळात आम्ही पुन्हा एकत्र गायलो. मी पुन्हा विचारलं नाही. विचारण्यापेक्षा तो शब्द पाळणं जास्त कठीण गेलं, आणि प्रार्थनेची खरी गरज मला तिथे लागली.

"विचार बिनधास्त, नाही म्हणाली तरी सोडू नकोस" असा सल्ला होस्टेलवर फुकट मिळतो. एकतर्फी प्रेमातून मुलींवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. माझ्या मते विचारणं हे अर्धंच धाडस. उत्तर ऐकून घेणं हे उरलेलं अर्धं, आणि त्याला विंगमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही.

गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली, आणि प्रार्थना झाल्यावर तो उठून पुढे गेला. गुडघे टेकायचे ते उठण्यासाठी, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मित्रांनो, तुमचा देव कुठलाही असो, त्याच्याकडे हिंमत जरूर मागा. होकार मात्र त्याच्याकडे मागू नका. तो तिने द्यायचा असतो!