वजन उतरलं, आता तपासणीला कशाला यायचं?

"डॉक्टर, आता मी एकदम ठणठणीत आहे. पुढच्या वेळी यायलाच हवं का?"

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात-आठ महिन्यांनी हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. समोरची व्यक्ती तीस-पस्तीस किलोंनी हलकी झालेली असते. मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, जिना चढताना धाप लागत नाही, जुने ड्रेस बहिणीला देऊन झालेले असतात. अशा वेळी मी "हो, यायलाच हवं" म्हटलं की चेहरा जरा पडतो. तपासण्यांचं बिल वाढवायचं असेल, असंही काहींना वाटत असावं. म्हणून माझं मत स्पष्टच सांगते. ज्याला आयुष्यभर तपासणीला यायचं नाही, त्यानं हे ऑपरेशन करून घेऊ नये.

मत कडक वाटेल, पण त्यामागचं कारण समजून घ्या. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी उरते आणि अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. बी-१२ शोषलं जाण्यासाठी जठरातून पाझरणारा एक घटक लागतो, तोही कमी पडतो. त्यात आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ बऱ्याचदा आधीपासूनच कमी असतं. त्यामुळे पहिल्या वर्षी साठ्यावर भागतं आणि तुम्हाला छान वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तळपायाला मुंग्या येतात, थकवा येतो, हिमोग्लोबिन उतरतं. तेव्हा माणूस म्हणतो, "वय झालं."

एक अनुभव सांगते. तिशीतली एक तरुणी, शस्त्रक्रिया दुसरीकडे झालेली. महिनाभरानंतर तिला काहीही खाल्लं की उलटी होऊ लागली. घरचे म्हणाले, "पोटाचं ऑपरेशन झालंय, उलट्या व्हायच्याच." असे जवळजवळ तीन आठवडे गेले. मध्ये जवळच्या दवाखान्यात दोनदा ग्लुकोजचं सलाईन लावून घेतलं. माझ्याकडे आली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती, एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या आणि आज वार कोणता हे तिला सांगता येईना.

ही बी-१ जीवनसत्त्वाची म्हणजे थायमिनची कमतरता होती. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची नजर काही दिवसांत सुधारली. चाल सुधारायला कित्येक महिने लागले आणि पायांचा बधिरपणा अजून पूर्ण गेलेला नाही. चूक कोणा एकाची नव्हती. उलट्या सुरू झाल्या तर कोणाला फोन करायचा, हे तिला कोणी ठसवून सांगितलंच नव्हतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उलट्या होत असतील तर वाट पाहू नका. तुमच्या सर्जनला कळवा. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तर आधी सांगा, "माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, सलाईनच्या आधी बी-१ लागेल का ते बघा." डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका.

आता घराकडे वळू या. ऑपरेशन एकाचं होतं, पण सवयी सगळ्या घराला बदलाव्या लागतात आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. आपल्याकडे प्रेम ताटात वाढतात. "एवढीशी पुरणपोळी, तुझ्यासाठीच केलीय" याला नाही म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही. बायपास झालेल्या माणसाच्या पोटातून गोड पदार्थ भराभर आतड्यात उतरतो. अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात कळा, जुलाब. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते आणि हातपाय थरथरतात. आग्रह करणाऱ्या काकू-मावशींना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं, आणि ते काम पेशंटवर टाकू नये.

दुसरा घोटाळा प्रथिनांचा. रोज साधारण ६० ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. एका वाटी घट्ट वरणातून ५-६ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, पेलाभर दुधातून ६-७. आता हिशेब करा. तुमचं पोट चार-सहा घासांत भरतं आणि पहिले घास भाताचे असतील, तर प्रथिनांना जागाच उरत नाही. म्हणून पनीर, अंडं, मासे, उसळ, दही जे चालत असेल ते आधी खा आणि भात-पोळी नंतर. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं नगण्य असतात, पहिल्या वर्षी तरी उपास बाजूला ठेवा. देव समजून घेईल, सासूबाईंशी मी बोलते. पाणी जेवणाबरोबर नको, अर्धा तास अंतर ठेवून घोटघोट प्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको.

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात. घाबरू नका, आहार नीट असेल तर बहुतेकांचे परत येतात. महागड्या तेलांवर पैसे घालवू नका. बायपास झाला असेल तर गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्यांनी आत व्रण होतात. तंबाखूचंही तेच.

तरुण मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. पीसीओडीमुळे पाळी अनियमित होती आणि "दिवस राहणं अवघड" असं वर्षानुवर्षं ऐकलं होतं, अशांनाही वजन उतरल्यावर अचानक दिवस राहू शकतात. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला हवी, कारण तेव्हा आईचंच पोषण काठावर असतं. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून दुसरा उपाय ठरवा.

आणि मन. लोंबणारी त्वचा आरशात बघून रडणारे पेशंट मी पाहिलेत. वजन कमी झाल्यावर सगळं छान वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. कंटाळा आला, राग आला की आधी खाण्याचा आधार होता, तोही गेलेला असतो. काही जण तो दारूत शोधतात, आणि बायपासनंतर दारू फार लवकर चढते. वर नातेवाइकांचे टोमणे असतातच, "तू काय, शॉर्टकट मारलास." शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी दोन आठवडे नुसतं ताक, कढण आणि गाळलेलं सूप पिऊन दाखवावं.

दोन वर्षांनंतर बऱ्याच जणांचं थोडं वजन परत वाढतं. तेव्हा लोक शरमेनं येणंच बंद करतात. यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. ऑपरेशनआधी समुपदेशन, फोटो, फोनवर फोन. नंतर एक एसएमएस. पाच किलो वाढले म्हणून मी ओरडणार नाही. उलट वीस वाढण्याआधी आलात तर बरंच काही करता येतं.

तेव्हा पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि त्यानंतर दर वर्षी रक्ततपासणी करून या. बरं वाटत असेल तरी. येताना जुनी फाइल आणा, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स आणा, आणि घरात स्वयंपाक जो कोणी करतो त्यालाही बरोबर घेऊन या.