प्रीती आणि सोवळे

ख्रिस्ती प्रीतीविषयी मराठीत बोलणे निघाले की दोन ठरलेल्या वाटा समोर येतात. एक प्रवचनाची: प्रीती ही एक मधुर भावना आहे आणि ती अंतःकरणात असली की पुरे. दुसरी संशयाची: ही प्रीती म्हणजे धर्मांतराचे आमिष. या दोन्ही वाटांच्या प्रवाशांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा वाचावीत, असे आम्ही सुचवू इच्छितो.

ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधल्या काळाकडे आपण वियोगाची आणि पुनर्मीलनाची हकिकत म्हणून पाहतो. ती तशी आहेच. परंतु सोवळ्याचा ध्यास घेतलेल्या बापाच्या घरात वाढलेली एक स्त्री नवऱ्याजवळ परत येते, तरी आपली चूल वेगळी ठेवते, आणि पुढे हळूहळू मनातला विटाळ सोडते, हेही त्याच काळात घडते. धर्म स्वीकारण्यापूर्वीच जातिभेद माणसाने निर्माण केला, या निष्कर्षाशी त्या येऊन पोहोचतात. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. येथे प्रीती आमिषाच्या रूपाने येत नाही. ती स्वतःशी केलेल्या झगड्यातून येते.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला सर्वपरिचित आहे. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू तो प्रश्नच उलटा करतो: जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? आपल्या गावगाड्यात शेजार जन्माने ठरत असे. आळी ठरलेली, पाणवठा ठरलेला. अशा समाजात शेजारी ‘होणे’ म्हणजे काय, याचे उत्तर दयेच्या उमाळ्याने मिळत नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाच्या पोराला आपल्या पंक्तीला बसवायचे, येथे ते द्यावे लागते. टिळकांच्या घरात पुढे कितीतरी अनाथ मुले वाढली. लक्ष्मीबाईंनी या साऱ्याचे प्रवचन केले नाही. आपली किळस, आपला हट्ट, आपली फजिती त्यांनी लपवली नाही, आणि हसल्या त्या बहुधा स्वतःला.

वर्गात आपण ‘स्मृतिचित्रे’ शिकवतो ती प्रांजळ निवेदनाचा आणि प्रसन्न विनोदाचा नमुना म्हणून. हे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तो प्रांजळपणा कशाविषयी आहे, हे विचारले नाही तर शैलीची स्तुती हीच एक पळवाट ठरते. चर्चमध्ये जाणाऱ्यांनाही हे पुस्तक तितकेच अडचणीचे आहे; बाप्तिस्म्याने जात आपोआप धुतली जात नाही, हे भारतातील ख्रिस्ती समाजाचा अनुभव सांगतो.

म्हणून अध्यापकांना आमची एक विनंती आहे. परीक्षेत लक्ष्मीबाईंच्या विनोदावर प्रश्न अवश्य घालावा. त्याच्या जोडीला आणखी एक घालावा: वेगळ्या चुलीपासून एका पंक्तीपर्यंतचे अंतर त्यांनी कसे कापले, आणि त्यातले आपण किती कापले आहे? दुसऱ्या भागाला गुण देता येणार नाहीत. तरीही तो विचारावा.