मोडीच्या भावात

पुण्यात राहणाऱ्या माणसाने पुण्यातले काही बघावयाचे नसते. पर्वती चढावयाची ती डॉक्टरांनी सांगितले म्हणून, आणि शनिवारवाड्यापाशी जायचे ते बस पकडायला. बाकीचे सारे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असते. गेल्या मे महिन्यात आमचे नागपूरचे साडू सहकुटुंब उतरले आणि पहिल्याच चहाला त्यांनी विचारले, "केळकर म्युझियम कसं आहे हो?" बाजीराव रस्त्यावरून मी चाळीस वर्षे ये-जा करीत आलो आहे, तेव्हा मी ठासून सांगितले, "उत्तम!" शाळेच्या सहलीनंतर मी आत पाऊलही टाकलेले नाही, ही माहिती सौभाग्यवतींनी लागलीच पुरवली.

निघायच्या वेळी पाहतो तो आई चपला घालून दारात उभी. वय 84. गुडघे तिचे ऐकत नाहीत आणि ती आमचे.

"कुठल्या राजाचं आहे रे ते?" तिने रिक्षात विचारले.

"राजाचं नाही गं, केळकरांचं. त्यांचा चष्म्यांचा धंदा होता."

"मग 'राजा दिनकर केळकर' असं कसं नाव?"

मी बाहेर बघू लागलो. आपल्याला जे ठाऊक नसते ते आईच नेमके कसे विचारते, कोण जाणे!

आत गेल्यावर उलगडा झाला. 1896 साली जन्मलेले हे दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविताही करीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी सुमारे 20,000 वस्तू जमवल्या; मांडायला जागा मिळाली ती त्यांतल्या थोड्यांनाच. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी त्याचे नाव दिले आणि पुढे सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आईला हे सांगायला मी वळलो तर ती केव्हाच दिव्यांपाशी जाऊन पोचली होती.

साडूंचे कुटुंब मस्तानीच्या महालात रमले. कोथरूडच्या मूळ वास्तूचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केला आहे. नागपूरला जाऊन सांगण्यासारखी वस्तू तीच, हे मला मान्य आहे. पण मला विचाराल तर, मी अडकित्त्यांपुढून हललो नाही. सुपारी कातरायची ती काय, आणि तिच्यासाठी घोडे काय, पक्षी काय, एकमेकांना बिलगलेली जोडपी काय! (साडूंनी मुलांना तेथून झटपट पुढे काढले आणि स्वतः मागाहून एकटेच परत आले.) पलीकडे वज्र्या. वज्री म्हणजे तळपायाचा मळ काढावयाची वस्तू. तिचे काम न्हाणीघराच्या कोपऱ्यात, ओल्यात. तिथे कोण बघणार आहे? तरी कारागिराने तिच्या पाठीवर पाखरू बसवले आहे. आमच्या न्हाणीघरात हल्ली एक लाल प्लॅस्टिकची वस्तू हे काम करते. तिच्याकडे दोनदा बघावेसे वाटेल अशी सोय तिच्यात कोणीही केलेली नाही.

आई मात्र एका मोठ्या दिव्याच्या नक्षीत डोळे घालून उभी होती. कलेचा तिच्यावर परिणाम झाला असावा असे वाटून मी जवळ गेलो.

"एवढ्या खाचांतली काजळी कोण काढत असेल रे?" ती म्हणाली. "घरात असती तर सणाच्या आदल्या दिवशी चिंच लावून लावून बोटं सोलवटली असती."

मग ती दमली. तिला बसवून मी राजाची हकिकत सांगितली. तिने एवढेच विचारले, "केवढा होता?"

"लहानच होता."

ती बराच वेळ बोलली नाही. समोरच्या कपाटात पितळेची लहानमोठी भांडी होती. तिकडे बघत ती सहज म्हणाली, "आपलं बोंडलंसुद्धा मोडीत गेलं ना रे?"

आणि मला रविवार पेठेतले ते दुकान आठवले. 1976 साल. घरोघर स्टील येत होते, तसे आमच्याही घरात यावयाचे होते. आईने हंडे, तपेली, परात काढून दिली होती. पोते सायकलला बांधून मी निघालो. चौदा वर्षांचा होतो. झाकणाचा मोठा डबा घ्यायचा, तर वजन थोडे कमी भरेल असे वाटले, म्हणून फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून एक चेपलेले, तोटीचे पितळी बोंडले मीच उचलून पोत्यात टाकले होते. आईला विचारले नव्हते. दुकानदाराने सर्वांत शेवटी ते पारड्यात टाकले आणि काटा जुळला. तेव्हा आपण किती हुशार आहोत असे मला वाटले होते.

माझ्या आधी मला एक भाऊ होता, आठ महिन्यांचा होऊन गेला, एवढे मी ऐकून होतो. त्याला दूध कशाने पाजत, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

"तू तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारले.

"तू डबा डोक्यावर घेऊन नाचत आलास. काय बोलणार?" ती म्हणाली. मग माझ्या हाताचा आधार घेऊन उठली. "चल, वरचा मजला राहिलाय. तिकीट एवढं काढलंयस ना?"

जिना आम्ही एकेक पायरी करीत चढलो. वर काय काय पाहिले ते मला नीट सांगता येणार नाही.

तो डबा अजून घरात आहे. भांड्यावर नाव कोणाचे घालू, असे दुकानदाराने विचारले होते आणि मी ऐटीत माझेच सांगितले होते. ते अजून स्वच्छ वाचता येते. परवा आईने त्यात चिवडा भरला.