शिबोलेथ

'शिबोलेथ' हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला ते एखाद्या औषधाचे नाव वाटले. कोश उघडला तर अर्थ निघाले ते असे : एखाद्या पक्षाचे वा पंथाचे परवलीचे वचन, वापरून वापरून गुळगुळीत झालेली घोषणा, आणि ज्यावरून माणूस आपला की परका हे ताडावे असा शब्द वा उच्चार. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र अगदी शेतातला, धान्याचे कणीस. (पाण्याचा प्रवाह असाही एक अर्थ देतात.)

कणसाची परवली कशी झाली ती हकीकत बायबलच्या जुन्या करारात, 'शास्ते' या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात आहे. गिलादी आणि एफ्राइमी या इस्राएलाच्याच दोन शाखा. त्यांच्यात लढाई जुंपली, एफ्राइमी हरले आणि यार्देन नदीच्या उताराकडे पळाले. उतार गिलादींनी आधीच रोखलेला. येणारा आपण एफ्राइमी नसल्याचे सांगू लागला की त्याला 'शिबोलेथ' म्हणायला लावीत. एफ्राइमींना 'श' साधत नसे. तो बिचारा 'सिबोलेथ' म्हणे आणि तिथेच कापला जाई. अशी ४२,००० माणसे मेली, असे ग्रंथ सांगतो. भाऊबंदच, एका 'श'साठी!

ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९३७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या हुकुमावरून सीमाभागातले हजारो हैतीयन मारले गेले. कोथिंबिरीसारख्या एका पाल्याची जुडी दाखवून तिचे स्पॅनिश नाव 'पेरेहिल' म्हणायला लावीत आणि 'र' नीट उमटला नाही की माणूस हैतीयन ठरे, असे सांगतात.

आमच्या बेळगावात कोणी कोणाला कापत नाही. पण उतारावर उभे राहण्याची हौस आम्हांलाही आहे. पुण्याला गेलो की आमच्या मराठीचा हेल ऐकून लोक "तुम्ही तिकडचे का?" म्हणतात, आणि त्याचा राग आम्ही इथे येऊन दुसऱ्यावर काढतो. वर्गातला माझा एक कन्नड मित्र मराठी उत्तम बोलतो, फक्त 'चाक' म्हणताना 'चहा'तला 'च' काढतो. पहिल्या वर्षी आम्ही त्याच्याकडून "चोराने चुलीजवळचा चमचा चोरला" हे वाक्य पुनःपुन्हा म्हणवून घेत असू. वाक्य माझेच होते. जीभ कुठल्या अंगणात वळली एवढेच उच्चार सांगतो, माणूस कोणाच्या बाजूचा ते नव्हे, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

पुढे त्याच्या घरी गेलो. कानडीत पाणी मागावे म्हणून 'कोड्री' म्हणताना मी 'ओ' चांगला लांबवला. कानडीत ऱ्हस्व 'ओ' आणि दीर्घ 'ओ' ही दोन वेगळी अक्षरे. ऱ्हस्वाने 'कोडु' म्हणजे दे, दीर्घाने 'कोडु' म्हणजे शिंग. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात, मग आमच्या कानाला फरक कळावा कसा? त्याची धाकटी बहीण हसत सुटली. तो हसला नाही. त्याच्या आजीने तिला दटावले आणि मला तांब्याभर पाणी आणून दिले.